पणजोबा ‘सुभे’ होते म्हणे: बडोदे संस्थानातल्या नोकरीचा माग कसा काढावा

बडोद्यातल्या मराठी घरांत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. आमचे पणजोबा संस्थानात सुभे होते. हिशेब मात्र जमत नाही. गायकवाडी मुलखाचे मोठे प्रांत चार: बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली. प्रांताला सुभा, म्हणजे सर्वांत वरचा अधिकारी, एक. त्याच्या हाताखाली नायब सुभा, महालामहालाला, म्हणजे तालुक्यातालुक्याला, एकेक वहिवाटदार, आणि त्याखाली कारकुनांची भली मोठी उतरंड. दांडिया बाजारापासून बाबाजीपुऱ्यापर्यंत सुभ्यांचे जेवढे वंशज मला भेटलेत, तेवढे सुभे खरंच नेमले असते तर सयाजीराव महाराजांकडे लिहायला कारकूनच उरले नसते.

मूळ वाक्य बहुतेक वेळा ‘सुभ्यांच्या कचेरीत होते’ असं असतं. दोन पिढ्यांत मधली कचेरी गळून जाते.

यात खट्टू होण्यासारखं काही नाही. सुभ्यांबद्दल कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं असतं. कोकणातून किंवा देशावरून आलेल्या, गुजराती धड न येणाऱ्या पोराने सबंध उमर महालांच्या कचेऱ्यांत कशी काढली, हे घरच्यांनी लिहिलं नाही तर राहूनच जातं. मी स्वतः सरकारी कचेरीत महेकम शाखेत होते. महाराष्ट्रात तिला आस्थापना म्हणतात. नेमणुका, बदल्या, रजा, सेवापोथ्या, पेन्शनची प्रकरणं, सगळं हातातून गेलं. त्यामुळे माझं मत पक्कं आहे: लहान सरकारी माणसाची कारकीर्द हुद्द्यात नसते, बदल्यांत आणि रजांत असते. माझे आजेसासरे राजापूरकडून चुलत्यांच्या ओळखीवर इथे आले आणि संस्थानात कारकून म्हणून चिकटले. त्यांची नोकरी मी कागदांवरून जुळवली ती याच रीतीने.

आधी घर, मग कचेरी

शोध शेवटाकडून सुरू करा. ‘ते नोकरीला कधी लागले’ यापाशी बसलात तर अडकाल, कारण नव्या उमेदवाराची नोंद सर्वांत तुटपुंजी असते. पेन्शन ठरवताना मात्र सगळी नोकरी मोजावी लागते: कुठे, किती वर्षं, किती पगारावर, मध्ये खंड पडला का. म्हणून पेन्शनची चोपडी किंवा पेन्शनचा हुकूम सापडला की अर्धं काम झालं. ट्रंकेच्या तळाशी पाहा, देवघराच्या फडताळात पाहा, आणि जुन्या पोथ्यांच्या बासनात जरूर पाहा. बायका महत्त्वाचे कागद तिथेच ठेवत, कारण तिथे पोरांचा हात जात नसे.

चोपडी नसेल तर घरातल्या वृद्ध मंडळींना नोकरीबद्दल विचारूच नका. ‘मोठ्या हुद्द्यावर होते’ याच्यापुढे गाडी जात नाही. विचारा, की कोण कुठे जन्मलं. माझ्या थोरल्या आत्येसासूबाईंचा जन्म विसनगरचा, मधल्या काकांचा व्याऱ्याचा, धाकट्या आत्यांचा द्वारकेचा. ही झाली बदल्यांची यादी. एक खबरदारी घ्या: पहिलं बाळंतपण माहेरी होई, म्हणून पहिल्या मुलाचं जन्मगाव सोडून द्या. माझ्या सासऱ्यांचा जन्म राजापूरचा आहे, तेव्हा त्यांचे वडील मात्र कुठल्याशा महालात शेतसाऱ्याचे आकडे मांडत असणार.

याशिवाय मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, म्हणजे आपल्याकडची ‘एल.सी.’. त्यावर शाळेचं गाव असतं आणि दाखल झाल्याची व नाव काढल्याची तारीख असते. बापाची बदली झाली की पोराचं नाव निघतं. पोस्टकार्डांवरचे पत्ते आणि टपालाचे शिक्के पाहा. पितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावं पाहा. घागरी-पातेल्यांवर नावाबरोबर कधी गाव आणि सालही असतं. आमच्या एका तपेल्यावर पेटलाद कोरलंय. पेन्शनच्या कागदांत पेटलाद कुठेच नव्हतं, तिथली नेमणूक हंगामी निघाली.

नकाशा समोर ठेवा

हे राज्य एकसंध नव्हतं. अमरेली काठेवाडात, द्वारका ओखामंडळात पार पश्चिमेच्या टोकाला, सोनगड-व्यारा दक्षिणेला जंगलात, पाटण-सिद्धपूर उत्तरेला. मधे इंग्रजी मुलूख आणि दुसऱ्या संस्थानांच्या हद्दी. नवसारी प्रांतातून अमरेलीला बदली झालेला माणूस परक्या मुलखातून बिऱ्हाड हलवत होता, हे लक्षात घेतल्याशिवाय ‘बदली झाली’ या दोन शब्दांचं वजन कळत नाही.

गावांची नावं फसवतात. ‘आजोबा विजापूरला होते’ असं ऐकून एका कुटुंबाने आदिलशाहीच्या विजापुरात चौकश्या केल्या. गायकवाडी वीजापूर कडी प्रांतात, आजच्या मेहसाणा जिल्ह्यात. महुवा दोन आहेत. गायकवाडी महुवा सुरतेकडचं, समुद्रकाठचं महुवा भावनगर संस्थानातलं. मांगरोळ दोन: एक सुरतेकडे, एक सोरठात. कलोलही दोन: कडी प्रांतातलं आपलं, पंचमहालातलं इंग्रजांचं. गोविंदभाई हाथीभाई देसाई आणि क्लार्क यांनी केलेलं १९२३ चं बडोदे राज्याचं गॅझेटियर दोन खंडांत आहे, इंग्रजीत आहे. त्यात महालवार माहिती मिळते. गावाची शंका आली की आधी ते उघडा.

आडनावंही फसवतात. देसाई, मजमुदार ही आडनावं मराठीत आहेत तशी गुजरातीतही आहेत. कोकणातला देसाई आणि नवसारीकडचा गुजराती अनाविल ब्राह्मण देसाई एकाच यादीत शेजारी बसलेले सापडतात. वडिलांचं नाव जुळल्याशिवाय कुणालाही आपला पूर्वज करून घेऊ नका. जन्मतारखेवर फार विसंबू नका. शाळेत घातलेली तारीख आणि पत्रिकेतली तिथी यांचं जुन्या पिढीत क्वचितच पटतं.

साल कुठलं?

इथे पुष्कळ जण गळतात, म्हणून सावकाश सांगते. गुजराती कागदात विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकापासून सुरू होतो. दिवाळीनंतरपासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. घरातल्या मराठी कागदात शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, नंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९. एक खूण लक्षात ठेवली की चुकत नाही: संवत १९५६, म्हणजे १८९९ ते १९००. गुजरातेत आजही ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात तो दुष्काळ. आपला माणूस त्या साली नोकरीत असेल तर तो कुठे होता हे मुद्दाम शोधा.

तिसरं साल सरकारचं. संस्थानाचे वार्षिक अहवाल ३१ जुलैला संपणाऱ्या वर्षाचे असतात. म्हणून ‘१९०५-०६ च्या अहवालात’ आहे म्हणजे मार्च ते मार्च धरू नका.

पगाराचा आकडा दिसला की तो कुठल्या रुपयात आहे ते पाहा. संस्थानाचा स्वतःचा बाबाशाही रुपया होता, इंग्रजी कलदार रुपयापेक्षा हलका. विसाव्या शतकाच्या तोंडावर तो बंद होऊन कलदार आला. त्या काळात पगाराचा आकडा खाली आलेला दिसला तर लगेच ‘पगार कापला’ असं लिहून मोकळे होऊ नका.

कोठीत काय मागायचं

संस्थानाचं जुनं दफ्तर रावपुऱ्याजवळच्या कोठीत आहे, आता राज्याच्या अभिलेखागार खात्याकडे. जाताना ओळखपत्र, कामाचं कारण लिहिलेला साधा अर्ज आणि पेन्सिल न्या. जुन्या कागदांपाशी शाईचं पेन काढू नये. एवढं सगळीकडे सारखं.

पुढचं महत्त्वाचं. तिथे जाऊन ‘माझ्या पणजोबांची फाइल द्या’ म्हणालात तर हात हलवत परत याल. दफ्तर माणसांच्या नावाने लावलेलं नसतं, खात्यांच्या नावाने लावलेलं असतं. महसूल, न्याय, पोलीस, शिक्षण, सर्व्हे सेटलमेंट, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवणारं खातं. म्हणून घरून निघताना तीन गोष्टी एका कागदावर हव्यात: खातं, प्रांत किंवा महाल, आणि अंदाजे पाच वर्षांचा टप्पा. एवढं दिलं की दफ्तरातला माणूस तुम्हाला वाट दाखवू शकतो. आणि त्याच्याशी गुजरातीत बोला. चार पिढ्या इथे काढून कोठीत हिंदी झाडणारे आपले लोक पाहिले की मला संकोच होतो.

वार्षिक अहवालात कारकुनाचं नाव शोधू नका. ते इंग्रजीत आहेत, त्यात वरचे अधिकारी आणि आकडे. अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांसाठी आज्ञापत्रिका पाहा. ते संस्थानाचं सरकारी गॅझेट. तिथे एक गंमत भेटते: कित्येक छापील सरकारी कागदांत भाषा गुजराती पण लिपी देवनागरी. सहज वाचता येतं, म्हणून मराठी समजून वाचत जाल आणि तिसऱ्या ओळीला अडखळाल. जुने हस्तलिखित कागद मोडीत. मोडी येत नसेल तर फोटोची परवानगी मागा आणि मोडी वाचणाऱ्याकडे न्या. अंदाजाने वाचू नका, मोडीत अंदाज चालत नाही. कचेरीचे अवघड शब्द अडले तर १९३१ साली महाराजांनी करवून घेतलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ आहे, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत देणारा.

बढतीची शिडी कशी असे ते समजायला एखाद्या परमुलखातून आलेल्या प्रसिद्ध माणसाची बडोद्यातली नोकरी आधी वाचून काढा. अरविंद घोष १८९३ मध्ये आले ते सर्व्हे सेटलमेंट खात्यात, मग महसुलाकडे, सचिवालयाकडे, मग कॉलेजात शिकवायला. १९०६ मध्ये त्यांनी बडोदे सोडलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविलचे गोविंद सखाराम सरदेसाई महाराजांचे वाचक म्हणून लागले, राजपुत्रांना शिकवलं आणि त्या नोकरीतूनच रियासतकार झाले. म्हणजे हुद्द्याचं नाव एक, काम दुसरं, ही इथली जुनी चाल आहे. तुमचे पणजोबा ‘कारकून’ असले तरी प्रत्यक्षात काय करत होते ते फाइलींवरच्या त्यांच्या सहीवरून कळेल.

रजेचा रकाना

माझ्या मते सगळ्यांत बोलका कागद हा, आणि लोक तोच उलटून पुढे जातात. इथल्या गुजराती कारकुनाची रजा चार-आठ दिवसांची, गावातली किंवा शेजारच्या महालातली. आपल्या माणसाची रजा लांब आणि थोडकी. आजेसासऱ्यांच्या बहुतेक रजा चैत्र-वैशाखातल्या आहेत. कारण सोपं आहे. बडोद्याहून मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे जैतापूरपर्यंत बोट, आणि पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद. गणपतीला घरी जाणं त्यांना नोकरीभर जमलेलं दिसत नाही. त्यांचा गणपती म्हणून इथे, भाड्याच्या खोलीत बसू लागला. आमच्या घरचा गणपती ‘पूर्वापार बडोद्याचा’ का, याचं उत्तर मला रजेच्या रकान्यात मिळालं.

एक रजा मात्र ऐन श्रावणातली निघाली, बिनपगारी. कारणाच्या जागी फक्त ‘घरगुती’. त्याच वर्षी राजापूरकडे त्यांची आई गेली, हे आम्हाला श्राद्धाच्या तिथीवरून माहीत होतं. भर पावसात घाट उतरून गेले असणार. मी एवढंच लिहिलं: ‘श्रावणात बिनपगारी रजा, त्याच महिन्यात मातोश्रींचं निधन.’ प्रवासाचं वर्णन माझ्याजवळ नाही, म्हणून केलं नाही.

रजेसारखाच घराचा पत्ता. बाहेरून आलेल्या माणसाला नोकरी मिळाली म्हणजे राहायला जागा मिळाली असं नव्हे. याचं सर्वांत मोठं उदाहरण याच शहरातलं आहे. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आले होते, आणि जातीपायी शहरात राहायला जागा न मिळाल्याने नोकरी सोडून गेले. आमच्या मंडळींना दांडिया बाजारात, घडियाळी पोळात खोल्या मिळाल्या त्या आधी आलेल्या नातलगांमुळे आणि जातीमुळे. आपल्या पूर्वजाने ‘शून्यातून’ सगळं उभं केलं असं लिहायचा मोह होईल तेव्हा पहिली खोली कुणी मिळवून दिली ते आधी लिहा. आमच्या वहीत चुलत्यांचं नाव पहिल्या पानावर आहे.

तक्रारअर्जही वाचा. गुजराती लोक आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणत, आणि चांगल्या जागा दक्षिण्यांना जातात ही बोच होती. ती निराधार नव्हती. आमच्या कागदांत एका महालातल्या खेडुतांचा अर्ज आहे: कारकून आमचं बोलणं समजून घेत नाही, दोन-दोनदा यायला लावतो. घरातल्या काहींना तो वहीत नको होता. मी ठेवला. पुढे तीनेक वर्षांत त्याच माणसाच्या हातच्या गुजराती नोंदी स्वच्छ, वळणदार दिसतात. अर्ज काढून टाकला असता तर हे शिकणं दिसलंच नसतं.

१ मे १९४९ नंतर

या तारखेला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं. पणजोबांची नाही तर आजोबांची नोकरी या दोन तारखांवरून गेली असेल. संस्थानचे नोकर मुंबई सरकारचे झाले, म्हणून अकरा वर्षांचा पत्रव्यवहार मुंबईच्या नावाने असू शकतो. बडोद्यात सापडला नाही म्हणजे नाहीच, असं ठरवू नका.

या काळासाठी सिनियॉरिटी लिस्ट मागा. एका ओळीत जन्मतारीख, नेमणूक, हुद्दा, सगळं असतं. सेवापोथीची नक्कल हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. गुजरातेत फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर आलं तर कलम ८(३) दाखवा: वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींची माहिती थोडे अपवाद सोडता नाकारता येत नाही. ‘कागद नाश केले’ असं उत्तर आलं तर नाश केलेल्या कागदांच्या यादीची नक्कल मागा. महेकममध्ये राहून सांगते, ही मागणी आली की कपाटं पुन्हा एकदा उघडली जातात.

लिहायचं कसं

लांब वहीत रकाने आखा: साल, गाव, हुद्दा, पगार, घरात काय घडलं, कागद कुठला. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पेन्सिलने लिहा. नुसत्या ऐकीव गोष्टीही पेन्सिलनेच.

राज्याची कामगिरी माणसाच्या नावावर चढवू नका. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झालं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू झालं. पणजोबा शिक्षणखात्यात होते म्हणून ‘सक्तीच्या शिक्षणाचे शिल्पकार’ होत नाहीत. पण पोर शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होई. त्या दंडाच्या याद्या कुणीतरी लिहीत होतं, वसुली मांडत होतं. ते त्यांनी केलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. वाचणाऱ्याला ‘शिल्पकार’पेक्षा दंडाची यादी लिहिणारा हात लवकर दिसतो.

रिकामी वर्षं रिकामीच सोडा. आमच्या वहीत धारी आणि व्यारा यांच्यामध्ये एक मोठं भगदाड आहे. कुणी म्हणतं आजारी होते, कुणी म्हणतं निलंबित होते. दोन्ही पेन्सिलने लिहून ठेवलंय.

शेवटी मूळ गावी जा. त्यांना आलेली पत्रं तुमच्याकडे असतील, त्यांनी लिहिलेली तिकडे भावकीत आहेत, बहुधा माडीवरच्या पेटीत. पहिला पगार, पहिली खोली, साहेब कसा, भाज्यांत गूळ घालतात याची तक्रार, सगळं त्यात. तयार वहीची एक झेरॉक्स घेऊन जा, आधी ती हातात द्या, आणि चहा होईपर्यंत जमिनीचा विषय काढू नका. बडोदेकर आले म्हणजे वाटणी मागायलाच, ही तिकडची पक्की समजूत आहे. सातबाऱ्याचं नाव काढलंत तर पेटीची किल्ली त्या दिवशी सापडायची नाही.